राखणीचा माळा

अयोध्याला पहिली मिसरी तिच्या आईनं लावली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. दाढ ठणकत होती आणि रडून रडून ती थकली होती. आईनं तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजली, पाट्यावर बारीक वाटली आणि आपल्या बोटानं तिच्या हिरडीला चोळली. दाढेचा ठणका थांबला. डोकं हलकं झालं आणि अंगणातला लिंब जमिनीवरून थोडा उचलल्यासारखा दिसला. आता अयोध्या सेहेचाळीस वर्षांची होती आणि मधल्या सगळ्या वर्षांत मिसरीवाचून गेलेला एक दिवस तिला सांगता आला नसता.

दिवाळीनंतर तिला जेवताना तिखट झोंबू लागलं. आधी तिनं मिरची कमी केली, मग नुसती दुधात भाकर कुस्करून खाऊ लागली. लेक राजकन्या लातूरला नर्सिंग शिकत होती. सुट्टीला आली तेव्हा तिनं मोबाईलचा उजेड पाडून आईचं तोंड बघितलं आणि दुसऱ्या दिवशी तिला लातूरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. उजव्या गालाच्या आतून चिंचोक्याएवढा पांढरा डाग होता. डॉक्टरीणबाईंनी तो कापसानं पुसून पाहिला. तो निघाला नाही. मिसरी बंद केली तर हा आपोआप विरूही शकतो, त्या म्हणाल्या, चालू ठेवली तर पुढं काय होईल ते आज बोलत नाही. तीन महिन्यांनी या, मग बघू.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरच राजकन्यानं आईचा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. अयोध्यानं घेतली. मनापासून घेतली.

तिसऱ्या दिवशी ती मोडली. गावातल्या बाराजणी कावेरीबाईच्या टोळीत खुरपणीला जायच्या. कावेरीबाई अयोध्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठी, आवाजानं भरदार आणि वीस वर्षांपासूनची सोबतीण. दुपारी भाकरी खाऊन झाल्या की सगळ्याजणी बाभळीखाली गोल बसायच्या आणि कमरेच्या चंच्यांतून डब्या निघायच्या. कुणी कुणाला घे म्हणायचं नाही, विचारायचंही नाही. डबी आपोआप हातातून हातात फिरायची. त्या दिवशी ती अयोध्याच्या हातात आली, आणि बोट दातावर फिरू लागल्यावर मग तिला शपथ आठवली.

पुढं मार्गशीर्षातली वेळ अमावस्या आली. रानात कडब्याची झोपडीवजा कोप करून पाच पांडवांची पूजा मांडली, आंबील झाली, भज्जी झाली. कोपीपुढं डोकं टेकताना अयोध्यानं पुन्हा शपथ घेतली, आणि घरी आल्यावर सगळ्यांसमोर आपली डबी उकिरड्यावर फेकून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा वैजनाथ शेणाचं टोपलं घेऊन उकिरड्याकडं गेला तर ती तिथं वाकून दोन्ही हातांनी शेण उकरत होती. पदर खाली सुटला होता आणि कोपरापर्यंत हात भरले होते.

"काय हुडकूलालीस?" त्यानं विचारलं.

ती उकरतच राहिली. तेवढ्यात डबी सापडली. तिनं झाकण उघडलं आणि ते बोट, नखात शेण असलेलं, तसंच तोंडात घातलं. नवरा बघतोय हे तिला कळत होतं, तरी बोट थांबलं नाही. मग ती उकिरड्याच्या कडेला बसली.

"माझ्यात कसच न्हाई बघा," ती म्हणाली. "लेकीच्या डोक्यावरचा हात हाय ह्यो."

वैजनाथ तसा कमी बोलणारा माणूस. त्यानं टोपलं रिकामं केलं, हात झाडले आणि तिच्याशेजारी उकिडवा बसला.

"बैल ज्वारीच्या कडंनं नेला तर तोंड घालनारच," तो म्हणाला. "त्यो काय वाईट असतो व्हय? आपुन त्याला मुसकं बांधतो, न्हाई तर दुसऱ्या वाटंनं नेतो. त्याला शपथ घालीत न्हाई कुनी."

"मी बैल हाय व्हय?"

"मी बी हाय. समदेच हायत."

त्या दिवशी दोघांनी कामाला सुट्टी केली. घरात साप शिरल्यावर हुडकावं तसं त्यांनी घर हुडकलं. एक डबी वाकळांच्या घडीत होती, एक पत्र्याच्या फटीत, एक तुळशीच्या कट्ट्यामागं. दोन अशा ठिकाणी निघाल्या की त्या तिथं आपणच ठेवल्या होत्या हे अयोध्याला आठवेना. मिसरी भाजायचा काठ फुटलेला तवा आणि उरल्या तंबाखूची सुपारीएवढी पोटलीही त्यात आली. वैजनाथनं सगळं पोत्यात बांधून गावाबाहेरच्या पडक्या विहिरीत सोडलं. मग तो किराणा दुकानात गेला आणि माझ्या घरच्या माणसाला तंबाखू देऊ नका, तिनं मागितली तरी देऊ नका, असं सांगून आला. दुकानात चार माणसं बसलेली होती. ती हसली. वैजनाथ मान खाली घालून परत आला आणि कोण हसलं ते त्यानं घरी सांगितलं नाही.

तरीही दोन जागा उरल्या. पहाटे उठल्यावरचा उंबरा, जिथं बसून गल्लीतल्या बायका एकमेकींशी बोलत मिसरी लावायच्या. आणि दुपारची बाभळीखालची सावली. ह्या दोन्ही जागा पोत्यात घालून विहिरीत सोडता येत नव्हत्या. तेव्हा तिनं स्वतःलाच तिथून उचलायचं ठरवलं.

शेषेराव मालकांचं पाच एकर रान मांजरा नदीच्या काठाला होतं, गावापासून तासाभराच्या वाटेवर. आता सगळा शिवार सोयाबीन आणि हरभऱ्याचा झालेला. जनावरांच्या कडब्यासाठी म्हणून शेषेरावांनी एकट्यानं ज्वारी पेरलेली, त्यामुळं दहा गावांची पाखरं त्या एका रानावर उतरत होती. राखणीला माणूस मिळत नव्हतं. एवढ्या लांब दिवसभर एकट्यानं बसायला कोण तयार होणार. अयोध्या स्वतः होऊन मागायला गेली तेव्हा शेषेराव चकित झाले. तिथं बोलायलासुद्धा कुणी नाही, अयोध्याबाई, ते म्हणाले. ती म्हणाली, म्हणूनच आले.

टोळी सोडते म्हणून सांगताना मात्र तिनं कारण सांगितलं नाही. तोंडातल्या डागाची तिला लाज वाटत होती, जशी काही ती चोरी होती. कावेरीबाईनं तिच्याकडं बघितलं आणि, "जा. बसून खायाचं काम मिळालं तुला," एवढंच म्हणून पाठ फिरवली.

वैजनाथनं नदीकाठी माळा बांधून दिला. बाभळीच्या चार बल्ल्या, वर फळ्या, फळ्यांवर पोतं आणि चढायला शिडी. अयोध्या पहाटे गल्लीतल्या बायका उंबऱ्यावर यायच्या आधी घर सोडायची आणि उजाडता उजाडता माळ्यावर चढायची.

वर चढलं की जग निराळं व्हायचं. नदीवरून धुकं उठून रानात शिरायचं आणि ज्वारी त्यात बुडून जायची. कणसांचे शेंडे तेवढे वर, पांढुरके, हलके, आणि त्यांच्यावर माळा होडीसारखा तरंगत असायचा. रानात बांधलेली चमकपट्टी वाऱ्यानं गुणगुणायची. कुठून तरी खालून, पाण्याच्या तळातून कुणी गात असल्यासारखा तो आवाज यायचा. मग सूर्य वर यायचा, धुकं विरायचं आणि पूर्वेकडून भोरड्या यायच्या. हजार असतील, दोन हजार असतील, कुणी मोजाव्यात. आभाळात कुणी काळं लुगडं झटकल्यासारखा त्यांचा थवा वळायचा, फाकायचा, पुन्हा गोळा व्हायचा, आणि एकदम ज्वारीवर कोसळायचा. अयोध्या उभी राहून गोफण फिरवायची. दगड सुटला की थवा उठायचा आणि त्याच्या पंखांचा वारा तिच्या तोंडावर यायचा.

पहिले आठ दिवस वाईट गेले. डोकं दोन्ही कानांच्या मध्ये कुणी पिळत असल्यासारखं दुखायचं. पोट साफ व्हायचं नाही. हिरड्यांना खाज सुटायची आणि बोट आपोआप तोंडाकडं जायचं. पण त्या बोटाला तिथं लावायला काहीच नव्हतं. माळ्यावर नव्हतं, रानात नव्हतं, वाटेवर नव्हतं. हात तोंडापर्यंत जाऊन परत यायचा आणि गोफणीची दोरी धरायचा.

दुपारी ऊन तापलं की पाखरं झाडांत जायची आणि तिला बसल्या बसल्या गुंगी यायची. त्या गुंगीत तिला आई दिसायची. ज्वारीच्या शेंड्यांवर, कणीस एकही न वाकवता, पाय लांब करून आई बसलेली असायची आणि काळ्या दातांनी हसत हात पुढं करायची. तिच्या बोटावर काय आहे ते अयोध्याला माहीत असायचं. ती तोंड उघडायची. डोळे उघडले की समोर नुसती ज्वारी, आणि तिच्या उघड्या तोंडात वारा.

बाराव्या का तेराव्या दिवशी वारा नदीपलीकडून आला आणि त्यात तंबाखू भाजल्याचा वास होता.

पलीकडच्या काठाला ऊसतोडीची टोळी उतरली होती. तिथल्या कोपीपुढं कुणीतरी तीन दगडांवर तवा ठेवला असणार. आपण माळ्यावरून कधी उतरलो ते अयोध्याला पुढं कधीच आठवलं नाही. आठवतं ते एवढंच की ज्वारीची पानं गालाला कापत होती आणि ती वासाच्या मागं चालली होती, झोपेत चालावं तशी. रान संपलं. काठावरचा चिखल लागला. पलीकडं एक बाई खरंच तव्यापुढं बसली होती आणि उलथण्यानं काही तरी हलवत होती.

"ओ बाई," अयोध्यानं हाक मारली.

त्या बाईनं वर बघितलं आणि हात केला. मध्ये खालच्या बंधाऱ्यानं तुंबलेलं मांजरेचं पाणी होतं, रुंद, हिरवं, न हलणारं. अयोध्या पाण्यात शिरली. गुडघ्यापर्यंत गेली, मांड्यांपर्यंत गेली. पुढं तळ लागेना. तिला पोहता येत नव्हतं. पूल खालच्या अंगाला दोन कोसांवर होता आणि त्या क्षणी ती खरोखर विचार करत होती की पुलावरून जाऊन यायला किती वेळ लागेल. थंड पाण्यात ती तशीच उभी राहिली. पलीकडच्या बाईनं तवा उतरवला आणि ती कोपीत गेली. वारा फिरला. मग मागून, रानातून, भोरड्यांचा कलकलाट ऐकू आला.

ती परत येईस्तोवर बांधाकडचा कोपरा पाखरांनी झोडपून काढला होता. दाणे गेलेली कणसं नुसती बोडकी होऊन उभी होती. ओलं लुगडं पिळत ती माळ्यावर चढली आणि तिला हसू आलं, मग रडू आलं.

संध्याकाळी तिनं वैजनाथला सगळं जसंच्या तसं सांगितलं. "मी थांबले न्हाई," ती म्हणाली. "पान्यानं थांबिवलं."

"थांबलीस न्हवं? मग झालं," वैजनाथ म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं शेषेरावांकडं जाऊन कोपऱ्यातल्या नुकसानीचं आपणच सांगून टाकलं. शेषेराव थोडे कुरकुरले. पाखरांच्या वाट्याचं पाखरांनी नेलं म्हणायचं, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

संक्रांतीला कावेरीबाई आली. सणादिवशी अयोध्या गावात कुठंच दिसली नाही, तेव्हा राग गिळून ती तिळगूळ घेऊन एवढी वाट चालत आली होती. माळ्यावरून अयोध्याला बांधावर तिचं हिरवं लुगडं दिसलं. छाती भरून आली. वीस दिवसांत ती नवऱ्याशिवाय कुणाशी बोलली नव्हती. आणि त्याच वेळी तिला कावेरीबाईच्या कमरेची चंचीही दिसली.

"आक्का, तितंच थांब," ती वरून ओरडली. "डबी हाय का जवळ?"

"हाय की. कमरंलाच हाय."

"मग तितूनच बोल. हिकडं येऊ नगस."

कावेरीबाईचं तोंड उतरलं. ती परत फिरायला लागली. तेव्हा अयोध्यानं माळ्यावर उभं राहून, ज्वारीच्या पाच एकरांवरून, जे घराबाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं ते ओरडून सांगितलं. गालातला डाग, डॉक्टरीणबाई, लेकीच्या डोक्यावरचा हात, उकिरडा. सांगता सांगता तिचा आवाज फाटला. मधूनच भोरड्या यायच्या, ती गोफण फिरवायची आणि पुन्हा सांगायला लागायची.

कावेरीबाई बांधावर खाली बसली. ती दिसेनाशी झाली, नुसती ज्वारी हलत होती. मग तिचा आवाज आला.

"आधी का सांगितलं न्हाईस गं?"

"लाज वाटली."

"माझी?"

कावेरीबाईनं तिळगूळ बांधावरच्या दगडावर ठेवला आणि ती गेली. ती पुरती दिसेनाशी झाल्यावर अयोध्या खाली उतरली आणि तिनं तो उभ्यानंच खाल्ला. तिळाचा एक कण गालाच्या त्या जागी लागला. पूर्वीसारखं झोंबलं नाही.

माघ अर्ध्यावर आला आणि ज्वारी पिवळी पडली. राखण संपली आणि काढणीला शेषेरावांनी कावेरीबाईचीच टोळी सांगितली. ते ऐकल्यावर अयोध्याला दोन रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी तिनं ठरवलं की काढणी होईस्तोवर राजकन्याच्या खोलीवर लातूरला जाऊन राहायचं. पळून जायची तिला आता लाज वाटत नव्हती.

तिनं पिशवी भरली, आणि तेवढ्यात कावेरीबाई दाराशी आली. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. कमर मोकळी होती.

"चल," ती म्हणाली. "बघ तरी."

रानात टोळीतल्या बाकीच्या बायका बांधावर थांबलेल्या होत्या. कावेरीबाईनं एक फडकं पसरलं आणि डब्या इथं टाका म्हणून सांगितलं. लावायची असेल तिनं दुपारी डबी घेऊन पार नदीपाशी जायचं, तिथंच लावायची, चूळ भरून यायचं. विशाखा म्हणून एक नवीन सून होती. आम्ही काय चोर आहोत, असं ती पुटपुटली. दुसऱ्याही दोघी कुरकुरल्या. कावेरीबाईनं आवाज न चढवता सांगितलं की ज्यांना जमत नसेल त्यांना दुसरं रान मोकळं आहे. एक एक करून डब्या फडक्यात पडल्या. फडक्याची गाठ बांधून कावेरीबाईनं ते लांब, बाभळीच्या वरच्या फांदीला अडकवलं.

आठ दिवस ज्वारी उपटली. धाटाची मूठ दोन्ही हातांत धरायची, पाय रोवायचे आणि मुळासकट ओढायची. तळहातांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. दुपारी बायका नदीकडं जायच्या. कावेरीबाईही जायची. सुटणार नाही मला ती आता, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. पण ती सगळ्यांपेक्षा लांब जायची आणि पदरानं तोंड पुसत सगळ्यांच्या शेवटी यायची. विशाखाची चूळ कधी कधी अर्धीच असायची. तिच्या ओळीत वास आला की अयोध्या काही न बोलता दुसरी ओळ धरायची. तेव्हा तिच्या मागं तेवढा धाटांचा पट्टा उभा राहायचा, आणि थोड्या वेळानं बघावं तर कावेरीबाईनं तो उपटलेला असायचा.

शिवरात्रीनंतर राजकन्या तिला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. चिंचोका आता मसुरीच्या डाळीएवढा उरला होता, तोही फिकट. त्यांनी तरी त्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी निकाल ऐकायला पुन्हा जावं लागलं. वाईट काही निघालं नव्हतं. सहा महिन्यांनी दाखवा, आणि परत हात लावू नका, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर राजकन्या आईच्या गळ्यात पडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "आता मन घट्ट झालं न्हवं, माय?"

अयोध्यानं खरंच विचार करून पाहिला.

"न्हाई गं," ती म्हणाली. "हाय तसंच हाय."

राजकन्या लातूरलाच थांबली; गावाकडं जाणाऱ्या दुपारच्या मुरुड गाडीत अयोध्याला खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी निम्मी रिकामी होती. निघता निघता बोरांची पाटी घेतलेली एक म्हातारी चढली आणि रिकाम्या जागा सोडून, सोबत बघून, तिच्याच शेजारी येऊन बसली. चांगली बाई होती. तिनं कुठलं गाव विचारलं, लेकरं किती विचारलं, मूठभर बोरं तिच्या ओटीत टाकली. शहर मागं पडलं तशी तिनं चंचीतून पितळेची डबी काढली, झाकणावर दोनदा टिचकी मारली आणि आधी अयोध्यापुढं धरली.

"घ्या की, बाई."

वास आला. अयोध्याच्या तोंडात पाणी भरून आलं, पहिल्या दिवसांत यायचं तेवढंच. तिनं बोरं पिशवीत घातली आणि ती उठली. म्हातारीचे गुडघे ओलांडून ती मधल्या वाटेत आली, तिथून चालत पार पुढं, ड्रायव्हरच्या मागं गेली आणि वरची दांडी धरून उभी राहिली.

"जागा हायत की मागं," कंडक्टर म्हणाला. "बसा ना मावशी."

"असू द्या."

"काय त्रास होतोय का?"

"न्हाई. हितं बरं हाय."

कंडक्टरनं खांदे उडवले. गाडीतली दोनचार माणसं तिच्याकडं बघत होती. गाडी वळणावर कलली की तिचा फोडांचा हात दांडीवर घासायचा. समोरच्या मोठ्या काचेतून रस्ता सरळ तिच्याकडं येत होता. दोन्ही बाजूंना रानं रिकामी झाली होती, एखाददुसरी कडब्याची गंज उन्हात पेंगत होती आणि लांब कुठं तरी एक थवा आभाळातून वळत होता, आवाज न करता. मुरुड यायला अजून अर्धा तास होता. ती उभीच राहिली.